वणवा गेल्यावर पहाटेची डोंगरवाट

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात, मार्चअखेरीस पहाटे डोंगर चढायला निघण्यामागे साधा हिशेब असतो. सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, नऊला ऊन चटके द्यायला लागतं, अकरानंतर डोंगरात थांबण्यात शहाणपण नाही. म्हणून गावातून साडेपाचला निघायचं, केळीच्या बागांमधून चालत उजाडताना रानाची कड गाठायची, आठच्या सुमारास धारेवर पोचायचं आणि दहाच्या आत खाली यायचं. जिवंत रानात हा हिशेब बरोबर बसतो. वणवा जाऊन पंधरवडाही झालेला नसताना त्याच वाटेनं, त्याच वेळी गेलं तर सगळं उलटं पडतं. जळालेल्या रानाची सर्वांत वाईट वेळ पहाटच, आणि उन्हामुळे दुसरी वेळ हाताशी नसते.

तरीही जायचं ठरलं, तर आधी वणवा नेमका कधी गेला ते शोधायचं. गावात 'डोंगर पेटना भो' एवढंच कळतं. उपग्रहांना दिसलेल्या आगी दाखवणाऱ्या नासाच्या 'फर्म्स' नकाशावर तारखा सापडतात, तो कुणालाही फुकट पाहता येतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्थाही उपग्रहांच्या नोंदींवरूनच वनखात्याला इशारे पाठवते. या नोंदी वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. नकाशावरचा ठिपका म्हणजे आगीची जागा नव्हे. उपग्रहावरच्या व्हिअर्स या उपकरणाचा एक ठिपका सुमारे ३७५ मीटरचा चौकोन सांगतो, मोडिस या दुसऱ्या उपकरणाचा तर जवळपास १ किलोमीटरचा, आणि त्यात आग कुठेही असू शकते. दुसरं म्हणजे व्हिअर्सचे उपग्रह दुपारी आणि रात्री साधारण दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. दुपारी तीनला पेटून रात्री अकराला विझलेला वणवा त्यांना दिसतच नाही. ठिपका नाही म्हणजे रान शाबूत, असं समजून गेलेले लोक हमखास राखेत उभे राहतात.

आग विझल्याला चार दिवस झाले नसतील तर जाऊच नये. वरवर सगळं थंड दिसतं, पण जुने खुंट आणि पोकळ खोडं आठवडाभरही आतून धुमसत राहतात. आठ ते बारा दिवसांच्या दरम्यान गेलं तर धोका बराच कमी होतो आणि आगीच्या खुणाही अजून ताज्या असतात.

परवानगीबद्दल थोडक्यात. यावल अभयारण्य असो की बाहेरचं राखीव वन, वनखात्याला विचारल्याशिवाय शिरायचं नाही. अभयारण्यातला प्रवेश वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार परवान्यावरच होतो, तोही उजाडल्यानंतर. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. या काळात वनरक्षक आणि हंगामी मजूर आधीच वैतागलेले असतात, आणि ताज्या जळिताजवळ अनोळखी माणसं दिसली की चौकशी होणारच. ती व्हायलाही हवी. सोबत पाड्यावरचा एखादा पावरा किंवा तडवी वाटाड्या घ्यावा आणि त्याची मजुरी निघण्याआधीच ठरवावी. खिशात काडेपेटी, लायटर, विडी-सिगारेट काही नको.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि सुती. नायलॉन-पॉलिस्टर निखाऱ्याला लागलं की वितळून कातडीला चिकटतं. घोट्यापर्यंतचे, जाड तळाचे बूट हवेत. चिकटवलेल्या स्वस्त तळाचे बूट गरम राखेत उसवतात, शिवलेले टिकतात. नाकातोंडावर एन-९५ मास्क लागतोच. ओला रुमाल राखेचे मोठे कण अडवतो, धुराचे बारीक कण नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा लावावा. एरवी या वाटेला माणशी दोन लिटर पाणी पुरतं, इथे साडेतीन घ्यावं. सावली नाही, घसा सतत कोरडा पडतो आणि डोळे धुवायलाही पाणी लागतं. ओढ्यातल्या डोहांवर भरवसा ठेवू नये, राख पडलेलं पाणी खारट-तुरट लागतं आणि पोटाला बाधतं. खायला कळण्याची भाकरी आणि ठेचा उत्तम, फक्त खाण्याआधी हात साबणानं धुवायला हवेत. काजळी नुसत्या पाण्यानं जात नाही, आणि ठेच्याच्या हातावर राख बसली की जी आग होते तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही.

रानाच्या कडेशी पोचताच पहिला त्रास उजेडाचा होतो. पाचोळा आणि वाळलेलं गवत फिकट असतं, बॅटरीचा उजेड परतवतं. काळी जमीन तो गिळून टाकते. नेहमी वीस पावलं पुढचं दाखवणारी डोक्यावरची बॅटरी इथे आठ-दहा पावलांवरच संपते. त्यात राखेचे कण उडाले की प्रकाशझोतासमोर पांढरा पडदा उभा राहतो. अशा वेळी कपाळावरची बॅटरी काढून कमरेजवळ हातात धरावी. झोत तिरका पडला की खड्डे आणि धोंडे सावलीमुळे कळतात.

दुसरा त्रास धुराचा. रात्री डोंगरउतारावरची हवा थंड होऊन घळींत उतरते आणि तिच्यासोबत धुमसणाऱ्या खुंटांचा धूरही खाली येऊन साचतो. वरची हवा तुलनेनं उबदार असल्यामुळे तो वर सुटत नाही. मग पहाटे साडेपाच ते आठ या वेळात नाल्याकाठची वाट म्हणजे धुराचा हौद असतो. ऊन उतारावर पडून जमीन तापली की साडेआठनंतर धूर हळूहळू उठतो, नेमका परतायच्या वेळी. उपाय एकच, नाल्याची वाट सोडून सोंडेवरून चढायचं. चढ उभा लागतो, पण श्वास घेता येतो.

वाट सापडणं सोपं होईल असं वाटतं, कारण गवत नाही, झुडपं नाहीत, सगळं उघडं. होतं उलटंच. गवताखाली झाकलेल्या गुरांच्या, शेळ्यांच्या, सांबरांच्या साऱ्या वाटा एकदम उघड्या पडतात आणि डोंगरभर फिकट रेघांचं जाळं दिसतं. खरी पायवाट त्यातली कोणती, हे अर्ध्या उजेडात ओळखू येत नाही. झाडांवरच्या रंगाच्या खुणा काजळीखाली गेलेल्या असतात. आधीच्या चालीचा जीपीएस माग फोनमध्ये असेल तर तोच धरावा. नसेल तर एक खूण कामी येते. माणसांची रुळलेली वाट घट्ट आणि पाचोळाविरहित असल्यामुळे ती पुष्कळदा आगीला अडवते. एका हाताला काळं, दुसऱ्या हाताला पिवळं गवत शाबूत, अशी सीमा सलग पन्नास-शंभर पावलं चालली, तर ती वाट भरवशाची. वनखात्याची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा, हीसुद्धा अशीच दिसते, पण ती बरीच रुंद आणि सरळ असते, आणि माणूस चालेल अशा चढानं जात नाही.

सगळ्यात मोठा धोका पायाखाली असतो. जमिनीलगत तोडलेल्या किंवा मोडलेल्या झाडाचा खुंट पेटला की आग मुळांत उतरते. मुळं आतल्या आत जळत जातात, वरचा मातीचा पापुद्रा तसाच राहतो आणि खाली पोकळी होते. पाय पडला की गुडघ्यापर्यंत आत, आणि तळाशी निखारे असू शकतात. अशी जागा ओळखायची ती राखेच्या रंगावरून. काळी राख म्हणजे अर्धवट जळण, आग झपाट्यानं पुढे सरकली. पांढरी, पिठासारखी राख म्हणजे तिथे आग तासन्‌तास बसून होती. उताराच्या मधोमध पांढरा गोल दिसला की तो खुंट समजावा आणि दोन हात लांबून जावं. लांबट पांढरा पट्टा दिसतो तिथे आडवा ओंडका होता. तो पूर्ण जळून फक्त त्याचा आकार जमिनीवर उरतो. शंका असेल तिथे काठी टोचून बघायची आणि पंजाची उलटी बाजू राखेवर वीतभर अंतरावर धरायची. ऊब जाणवली तर तिथे पाय नाही. पहाटेच्या गारव्यात ही ऊब चांगली कळते. पहाटेचा एवढा एक फायदा मान्य करावा लागेल.

दुसरी नजर वर हवी. म्हाताऱ्या मोहाच्या किंवा धावड्याच्या ढोलीत आग शिरली की खोड धुराड्यासारखं ओढ घेतं आणि आतून खात जातं. बाहेरून झाड उभं, साल बरी, पण बुंध्याला एका बाजूनं काळं भगदाड. वारा नसतानाही अशी झाडं पडतात. भगदाड दिसलं की झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतर राखावं आणि सावलीसाठी, पाठ टेकायला, फोटोसाठी त्याखाली थांबू नये.

तिसरी गोष्ट दगड. इथला डोंगर काळ्या पाषाणाचा, वर मुरूम आणि सुटे धोंडे. त्यांना धरून ठेवायचं काम गवताची मुळं आणि झुडपं करतात. वणव्यानंतर उतार ढिला होतो. चढताना माणसं एकामागे एक न चालता तिरकी चालावीत, म्हणजे वरच्यानं सोडलेला धोंडा खालच्यावर येत नाही. धोंडा सुटला की ओरडून सांगायचं. राखेवर दव पडलेलं असेल तर उतार निसरडा होतो, उतरताना काठी नसेल तर बसून घसरावं लागतं.

उजाडल्यावर निदान वणवा वाचता येतो, आणि या चालीत खरं पाहण्यासारखं तेवढंच उरतं. झाडांच्या बुंध्यावरची काजळी किती उंच आहे आणि कोणत्या बाजूला, हे बघत जायचं. उताराच्या वरच्या बाजूला काजळी उंच चढलेली आणि खालच्या बाजूला थोडकी असेल, तर आग खालून वर धावत गेली. ज्वाळा खोडाला वळसा घालून मागच्या बाजूला उंच उठतात म्हणून असं होतं. काजळी चहूबाजूंनी सारखी, गुडघ्याखालीच असेल तर आग वाऱ्याविरुद्ध किंवा वरून खाली हळूहळू उतरली. चढावर ज्वाळा पुढच्या गवताला आधीच तापवून ठेवतात, त्यामुळे वर जाणारी आग कितीतरी वेगानं पळते. तीव्र चढाच्या माथ्याजवळ झाडांवर उरलेली पानं दोन-तीन पुरुष उंचीपर्यंत करपलेली दिसतात ती त्यामुळेच.

दक्षिणेकडचे आणि पश्चिमेकडचे उतार जास्त काळे, उत्तरेकडच्या घळींत अधूनमधून हिरवे तुकडे शिल्लक, असं चित्र बहुधा दिसतं. तिखाडी, म्हणजे रोशा गवत जिथे दाट होतं तिथे सगळं साफ झालेलं असतं. त्याच्या तेलासाठी खानदेश एके काळी प्रसिद्ध होता आणि हे तेलकट गवत पेटतंही तसंच. घाणेरीची जाळी जिथे होती तिथे झाडांची सालसुद्धा तडकलेली दिसते. गवताची आग झर्रकन निघून जाते, घाणेरीची एका जागी बराच वेळ तापत राहते.

इथे एक गैरसमज कायम होतो. मार्चच्या शेवटी निष्पर्ण झाडं बघून 'रान मेलं' म्हणतात. हे पानझडीचं रान आहे. साग, सालई, धावडा, कांडोळ, मोई या दिवसांत तशीही उघडीच असतात. वणव्यानं मेलेलं झाड कोणतं, हे पानं नसण्यावरून कळत नाही. उलट, करपलेली तपकिरी पानं फांदीला लटकून असतील तर तिथवर उष्णता पोचली होती एवढं कळतं. बोटाएवढ्या फांदीवर नखानं हलकं खरवडावं. आत हिरवं, ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. मोठी झाडं बहुतेक वाचतात, कारण इथले वणवे जमिनीवरचे असतात, शेंड्यांतून पळणारे नव्हेत. नुकसान गुडघ्याखाली होतं. साग आणि अंजन यांची रोपटी वरून जळतात, मूळ जिवंत राहून पुन्हा फुटतात, पुढच्या वर्षी पुन्हा जळतात. वीतभर उंचीच्या रोपाला खाली मनगटाएवढं जुनाट मूळ सापडतं ते यामुळे. अशा रानात मोठी झाडं आहेत, लहान आहेत, मधल्या वयाची नाहीत. हे नीट मोजायचं असेल तर दहा पावलांचा चौरस धरून त्यातली मनगटापेक्षा बारीक झाडं मोजावीत. वर्षानुवर्षं जळणाऱ्या उतारावर हा आकडा पाहून बोलणं खुंटतं.

करपलेली पानं हळूहळू गळून काळ्या जमिनीवर पुन्हा पाचोळ्याचा थर घालतात. 'एकदा जळलं, आता धोका नाही' असं समजणाऱ्यांनी हा थर पायानं हलवून बघावा. मे महिन्यात हाच पुन्हा पेटू शकतो.

आग कुठून लागली याचा अंदाजही येतो, पण तो जपून बोलावा. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत आहे, आणि ती आग नीट विझवली नाही तर डोंगर पेटतो. मोहाखाली काळा गोल आणि तिथून पंख्यासारखी वर पसरत गेलेली काजळी दिसली तर कारण बहुधा हेच. पण गव्हाचं धसकट जाळताना बांधावरून गेलेली आग, गुराख्याची विडी, नव्या गवतासाठी किंवा तेंदूच्या कोवळ्या पानासाठी लावलेली काडी, अतिक्रमणासाठी मुद्दाम पेटवलेला उतार, हेही तितकेच खरे. प्रत्येक काळा डोंगर मोह वेचणाऱ्या बायांच्या नावावर टाकणं सोयीचं आहे, म्हणून ते सर्रास केलं जातं. झाडाखाली जुनी लुगडी किंवा शेडनेट अंथरलं तर जाळायची गरज पडत नाही आणि फुलंही स्वच्छ मिळतात. वेचणाऱ्या बाया त्या वेळी भेटतातच. त्यांना 'ताई, राम राम' करून पुढे व्हावं, टोपल्यांचे फोटो काढत बसू नये. मोहाखाली पहाटे अस्वलही येतं. त्यामुळे वळणाआधी बोलत चालावं.

मग पक्षी. बरेच जण पहाटे येतात ते रानपिंगळ्यासाठी. १८८४ नंतर कुणाला खात्रीनं न दिसलेला हा पिंगळा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच पुन्हा सापडला, आणि यावलच्या सागवनातही तो आहे. तो दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसून जमिनीवरचे सरडे-कीटक टिपतो आणि ढोलीत घरटं करतो. कागदावर जळालेलं रान त्याच्या सोयीचं वाटतं, कारण जमीन उघडी असते. प्रत्यक्षात पंधरवड्याच्या आत तिथे सरडे-कीटकच उरलेले नसतात. आग चालू असताना आणि दुसऱ्या दिवशी कोतवाल, नीलकंठ, घारी गर्दी करतात. पळणारे किडे संपले की तेही निघून जातात. जमिनीवर अंडी घालणारे तितर आणि रातवे यांचा हंगाम नेमका वणव्याच्या काळातच येतो. आठव्या-दहाव्या दिवशीच्या पहाटे कान देऊन उभं राहिलं तर एखादा कोतवाल, लांबून मोराचा आवाज, बस. रानपिंगळ्यासाठी आलेल्यानं जळिताच्या आत शिरण्याऐवजी जळित आणि शाबूत रान यांच्या सीमेवर, ढोल्या असलेल्या मोठ्या सागांजवळ थांबावं. कुठे दिसलाच तर तिथे.

धारेवरूनही फारसं हाती लागत नाही. एरवी पहाटे तापीच्या खोऱ्यातले केळीचे हिरवे चौकोन इथून स्वच्छ दिसतात. धुराच्या थरावरून ते राखाडी ठिगळांसारखे दिसतात आणि फोटोत तर तेवढेही येत नाहीत. वर थांबणं वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. काळी जमीन ऊन पिते आणि सव्वाआठलाच तळव्यांना जाणवायला लागते. सावलीसाठी थांबावं असं झाड नसतं. उरलेलं पाणी अर्ध्याहून कमी असेल तर लगेच फिरायचं. या चालीत एकच गोष्ट मनापासून सुखाची आहे: मोज्यांत कुसळं जात नाहीत.

उतरताना धूर निघणारा खुंट दिसला तर बाटलीतलं पाणी ओतू नये. ते पुरत नाही आणि वाफेनं हात भाजतो. जवळ पाचोळा नसेल तर जागेचे अक्षांश-रेखांश फोनवर नोंदवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा वनरक्षकाला कळवावं. पाचोळा जवळ असेल तर खुंटाभोवती दीड हात रुंदीची जागा काठीनं आणि बुटानं मातीपर्यंत साफ करावी आणि मग फोन करावा. उघड्या पडलेल्या सांबरशिंगांना, हाडांना हात लावायचा नाही. उचलणं गुन्हा आहे, आणि 'जळालेलंच होतं' ही सबब चालत नाही.

घरी आल्यावर बूट बाहेर झटकून तळ तपासावा, फटीत निखाऱ्याचा चुरा अडकलेला असतो. कपडे आधी कोरडेच झटकायचे, मग साबण. ओले केले की काजळी धाग्यात बसते. कॅमेऱ्याची लेन्स रानात बदलायची नाही, घरीसुद्धा आधी फुंकणीनं कण उडवावेत आणि मगच कापड लावावं. खोकला दुसऱ्या दिवशीही राहिला तर डॉक्टरांना दाखवावं.

त्याच वाटेवर पुन्हा जायचं तर मधले दोन टप्पे टाळावेत. पहिल्या वळवाच्या पावसात राख आणि मुरूम एकत्र वाहतात, नाले काळे होतात आणि धोंडे रात्रीतून सुटतात. त्यानंतरच्या पहिल्या जोरदार पावसांतही उतार ढिला असतो. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात गवतानं जमीन धरलेली असते आणि सागाचे फुटवे कमरेला आलेले असतात. मार्चमध्ये जिथे उभे राहून फोटो काढले तिथले जीपीएस आकडे लिहून ठेवलेले असतील, तर त्याच जागेवरून, त्याच दिशेला दुसरा फोटो घ्यावा आणि दहा पावलांच्या चौरसातली बारीक झाडं पुन्हा मोजावीत.